बिघाड हेल्मेटमध्ये नव्हता

मी डावा डोळा मिचकावला. प्राणवायू वाढला नाही. पुन्हा मिचकावला. हेल्मेट ढिम्म!

चंद्रावरच्या आमच्या वस्तीत हातमोजे इतके जाड असतात की बटणं दाबताच येत नाहीत. म्हणून बाहेर पडलं की हेल्मेटला हुकूम चेहऱ्यानेच द्यायचे. भुवई उचलली की दिवा लागतो, डावा डोळा मिचकावला की प्राणवायू वाढतो. शाळेची सहल दगड गोळा करत होती आणि मला धाप लागली होती. बाईंनी ओढत आत आणलं, म्हणून वाचले.

माझे बाबा वस्तीतले हेल्मेट-दुरुस्तीवाले. आमच्याकडे सगळ्यांना एकच सवय, काही अडलं की आधी यंत्र उघडायचं. बाबांनी स्क्रू न् स्क्रू सोडवला. काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी हेल्मेटलाच शिकवलं, की ऋजुताचा उजवा डोळा मिटला तरी प्राणवायू सोड.

"झालं काम!" बाबा म्हणाले. माझ्या तोंडाकडे कोणी बघितलंच नाही. डावा कान ठणकत होता, तेही हेल्मेट चावत असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली, तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळलं. आरशात पाहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. हसले तर तोंड उजवीकडेच पळालं. डावा डोळा मिटेचना. मागच्या वर्षी आजोबांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांचंही तोंड असंच वाकडं झालं होतं. आठ दिवसांत ते गेले. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल, असं वाटलं. दिवसभर तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्कार्फ ओढला आणि ते पांढरेफटक पडले. मला उचलून ते वस्तीच्या डॉक्टरांकडे, फरीदामावशींकडे धावले.

"कपाळाला आठ्या घाल बघू," मावशी म्हणाल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडे नाही. "आता दोन्ही हात वर." दोन्ही गेले. मग त्यांनी डाव्या कानात दिवा धरला. आत बारीक फोड होते.

"मावशी, मी मरणार का?"

"नाही गं. हा आजोबांचा आजार नाही. पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो, आणि तेव्हा कपाळ बहुधा हलतं. तुझं कपाळही हलत नाही. म्हणजे मेंदू निरोप धाडतोय, पण वाट अडली आहे."

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक मज्जातंतू (मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणारा धागा) असतो. तो कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येतो. मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा विषाणू (पेशीत शिरून वाढणारा अतिसूक्ष्म घुसखोर) गेलाच नव्हता. तो याच तंतूपाशी दडून बसला होता. आता तो जागा झाला आणि तंतू सुजला. हाडाचा बोगदा थोडाच रुंद होणार? बोट सुजलं की अंगठी रुतते, तसा तंतू आवळला गेला.

"औषधं दोन," मावशी म्हणाल्या. "एक सूज उतरवायला, एक विषाणूची वाढ रोखायला. तीन दिवसांच्या आत सुरू झालेली बरी. आज तिसरा आहे." मग त्या बाबांकडे वळल्या. "अहो, स्क्रू सोडवण्याआधी पोरीचं तोंड तरी बघायचं!"

बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट पाहिला.

"माझा चेहरा पूर्ण परत येईल?" मी विचारलं.

"पुष्कळांचा येतो. काहींचा थोडा वाकडा राहतो. खोटं नाही सांगणार. आठवडे लागतील, कदाचित महिने."

भीती गेली नाही, पण मी कशाला घाबरतेय ते तरी कळलं.

डोळा मिटत नव्हता, त्यामुळे कोरडा पडून जखम झाली असती. म्हणून दिवसभर थेंब, आणि झोपताना पापणी खाली ओढून तिच्यावर चिकटपट्टी. पट्टी बाबाच लावायचे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काही हललं नाही. मी आरसा उलटा करून ठेवला. रोज वाटायचं, मी त्या 'काहीं'मधलीच असणार.

चोविसाव्या दिवशी रात्री बाबा पट्टी लावायला वाकले. त्यांचं बोट पापणीवरच थांबलं.

"ऋजू, तू आत्ता काही केलंस?"

"डोळा मिटायचा प्रयत्न केला. रोजच करते."

"पुन्हा कर."

मी केला. पापणी केसभर खाली आली.

"पुन्हा कर," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपकन माझ्या गालावर पडलं. "पुन्हा कर गं."

मी पुन्हा केला.