महादेवरावांचे दोन कोअर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळतो, म्हणजे वाढप्याचं काम. खोका एकच, पण त्यात सात आभासी मशिनी पंगतीला बसलेल्या: ग्रंथालय, हजेरी, प्रवेश वगैरे. प्रोसेसरचे सोळा कोअर, म्हणजे काम उरकणारे सोळा भाग, कुणाला किती वाढायचे, ते मी ठरवतो. सातवी मशीन महादेवरावांची. माझ्या आधी हे काम तेच करायचे. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हापासून मशीन बंद आहे. पुसायला कुणी धजत नाही. मीसुद्धा नाही.

त्या दुपारी प्रवेशाची शेवटची फेरी होती. पाचला फॉर्म बंद. साडेचारला एक मुलगी दारात आली, धम्मशीला. हिवरा आश्रमाहून आलेली.

"सर, चक्री नुसती फिरून राह्यली. फॉर्म नाही गेला तं माही सीट जाते."

प्रवेशाला चार कोअर जास्त दिले. चक्री फिरतच. कोणती मशीन किती कोअर खातेय, त्याची यादी उघडली. महादेवराव: बंद. वापर: चार कोअर.

काढून घेतले, तर आठ झाले. एसीची घरघर मंदावली... आणि तंबाखूचा वास आला. त्या खोलीत तंबाखूला महादेवरावांनीच बंदी घातली होती. स्वतः सोडून सगळ्यांना.

शिपाई सिंधूताई आत डोकावल्या. "काऊन घाबरले, सर?"

"बंद मशीन... खातेय."

"पित्तर चालू हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "बुढ्याचं पान पयले वाढलं का?"

मला रागच आला. इंजिनिअर माणूस मी! पण घड्याळात चार पंचावन्न झाले होते.

"सर, आमच्यात हे नाही मानत," धम्मशीला रडवेली झाली, "पण... वाढून टाका न!"

महादेवरावांच्या नावापुढे मी लिहिलं, राखीव: दोन कोअर. सिंधूताई पुटपुटल्या, "घ्या हो, पोटभर."

वास गेला. चार अठ्ठावन्नला फॉर्मही गेला. पोरगी रडत रडत हसली, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

सिंधूताई चहा आणायला निघाल्या. मी यादी मिटणार, तोच खाली आठवी ओळ दिसली. ती मी केलेली नव्हती.

सिंधूताई: बंद. राखीव: चार कोअर.

"सर," दारातून त्यांनी विचारलं, "साखर किती टाकू?"

"कमीच टाका, ताई... आणि जिना जपून उतरा."