हात सैल सोड

सहावी माळ.

सहा गोळ्या, पांढऱ्या.

पेठच्या सरकारी दवाखान्यात बाही वर करायला लाजणाऱ्या बायका.

डाव्या दंडावरचा लाल पट्टा.

दोनशे वीस, एकशे तीस.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. गेल्या नवरात्रात, पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी सव्वादोन वाजता हे घडलं.

घरात मी एकटी. हे जाऊन चार वर्षं झाली. यांची, म्हणजे सावळीरामांची, सगळी नोकरी पेठच्या दवाखान्यात गेली. पाऱ्याचं बीपीचं मशीन मांडायचं, रबरी फुगा दाबायचा आणि प्रत्येकीला तेच सांगायचं, "हात सैल सोडा. बोलू नका."

मी घटी बसले होते. नऊ दिवस उपवास, अखंड दिवा. बीपीची गोळीही बंद.

सकाळीच पुण्याहून मंजुषा, माझी मुलगी, फोनवर ओरडली होती. "आई, गोळी म्हणजे काय फराळ आहे का?"

"देवीला आहे माझी काळजी. तू आधी तुझ्या तव्यावरची पोळी बघ."

दुपारी डोकं मागून फुटायला लागलं.

दिव्याच्या दोन ज्योती दिसू लागल्या...

मग तीन.

मला वाटलं, सहा दिवस चुकलेत ना, सहाही गोळ्या एकदम घेऊ. भरपाई होईल. उजव्या हातात पाणी. गोळ्यांचा डावा तळहात तोंडाशी नेला...

फुस्.

आतल्या खोलीतून.

फुस्... फुस्...

प्रत्येक आवाजाला माझा डावा दंड आवळत गेला. दंडावर काहीच नव्हतं. नुसती बाही आत दबत होती. बोटं बधिर झाली. गोळ्या फरशीवर सांडल्या.

"यशोदे, हात सैल सोड. बोलू नको."

मी बोलले नाही.

मग हवा सुटल्याचा आवाज... सूऽऽ...

"दोनशे वीस, एकशे तीस. गोळ्या वेचू नको. एकशे आठला फोन लाव."

"आणि दिव्याला तेल कोण घालेल?"

"मी आहे ना."

फोन लावला. आकडा सांगितला. दाराची कडी काढून खुर्चीत बसून राहिले.

अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी उजव्या हाताला मोजलं. डाव्या दंडावर लाल पट्टा आधीच उमटलेला होता.

"मावशी, तुम्ही सांगितलंत तेवढंच आहे. घरी कुणी मोजलं?"

"मिस्टरांनी."

"मग त्यांना सोबत नाही घेतलं?"

मी डावी बाही पट्ट्यावर ओढून घेतली. सहा गोळ्यांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बीपी धाडकन खाली आलं असतं. वाचला नसतात."

चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आले. चपलाही न काढता देवघराशी गेले.

दिवा विझलेला होता.

वात जळून काळी. तेलाचा थेंब नाही. तीन दिवस बंद घरात जसा विझायचा, तसाच विझला होता.



आता गोळी चुकवत नाही. रोज सव्वादोनला डावी बाही वर करते, हात टेबलावर ठेवते. सैल. बोलत नाही.

काहीच ऐकू येत नाही...

यांचं पाऱ्याचं मशीन मी त्या नवरात्राच्या आधीच, मार्चमध्ये, भंगारवाल्याला दिलं होतं.