तांबडमाळचं विरजण

फोबॉसवर रोज संध्याकाळी घरोघरी सोयाच्या दुधाला विरजण लागे, आणि ते येई द्वारकाबाई शेवाळ्यांच्या गडूतून. एकतीस वर्षांपूर्वी मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत मंडळाने सत्ता बळकावली आणि विरोध करणाऱ्या नऊशे जणांना या उपग्रहावर हाकलून दिलं. मुलं मात्र ठेवून घेतली. द्वारकाबाईंचा चार वर्षांचा मुलगा श्रीरंगही मागे राहिला. बाईंनी काखोटीला मारून आणला तो हा गडू.

दिवसातून दोनदा खिडकीखालून तांबडमाळ सरकत जाई. तिच्याशी कसं वागायचं यावर इथे दोन तट होते. उंबरेवाले म्हणत, आपलीच माणसं आहेत, येणंजाणं सुरू करा. कडीवाले म्हणत, मंडळ जाईपर्यंत दाराला कडी. द्वारकाबाई पक्क्या कडीवाल्या. त्या बोलायला उठल्या की उंबरेवाल्यांची पाचावर धारण बसे.

आता मंडळच विरजणासाठी हात पसरून आलं होतं. स्वच्छतेच्या खुळापायी त्यांनी तिथला जीवाणू न् जीवाणू मारला होता, आणि नव्या मुलांच्या पोटात अन्न पचवायला कुणी उरलंच नव्हतं. मुलं सुकत चालली होती. त्यांत बाईंची नात होती, सहा वर्षांची रेवू, आजवर पडद्यावरच पाहिलेली.

सभेत जीवशास्त्रज्ञ मृदुला तांडेल म्हणाली, "बाई, हे विरजण आता तांबडमाळचं राहिलेलं नाही."

"काहीतरीच! या हातांनी सांभाळलंय मी."

"म्हणूनच. जीवाणूंची पिढी दोन-तीन तासांची. तुमच्या गडूत लाखभर पिढ्या झाल्या. इथल्या खडकातून काढलेल्या पाण्यात जो क्षार असतो, आपलं राखमीठ, त्याच्यावाचून ते आता जगत नाहीत. मुलं वाचतील, पण त्यांना जन्मभर राखमीठ लागेल. आणि ते फक्त आपल्याकडे आहे."

कडीवाल्यांचे पुढारी भार्गव सोनटक्के ताडकन उठले. "मग द्याच विरजण! मीठ आपल्या हातात म्हणजे मंडळाची मानगूट आपल्या हातात. फक्त मुलांना सवय लागेपर्यंत त्यांना हे कळू द्यायचं नाही."

मुलं तर वाचणार होती, म्हणून उंबरेवाल्यांनीही हात वर केले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सभेचं एकमत झालं. बाई मात्र मृदुलाकडे वळल्या.

"मृदुला, ही मिठाची सवय तोडता येते?"

"मुलांची येते. रोज चिमूटभर कमी केलं तर चाळीस दिवसांत सुटेल. कोवळ्या पोटात जीवाणूही लवकर बदलतात."

"मग तसं कळवा त्यांना."

"द्वारकाबाई, जन्मभर कडी कडी करत होतात ना?" सोनटक्के कडाडले.

"होतेच. मंडळाला वाकवायला. पोरांच्या आतड्यांना दावं बांधायला नाही! असलं राज्य मी एकदा सोडून आलेय, भार्गवराव. दुसरं इथे होऊ देणार नाही."

आणि भर सभेत त्यांनी खिशातला पडदा काढून तिकडे श्रीरंगला फोन लावला, चाळीस दिवसांचा सगळा हिशेब खणखणीत आवाजात सांगितला. विरजण ठरल्याप्रमाणे गेलं, पण सभेने त्याच दिवशी त्यांच्याकडून गडू काढून घेतला.

एकेचाळिसाव्या दिवशी त्या मृदुलाकडे गेल्या. "माझंही मीठ तोड. नातीला एकदा मांडीवर घ्यायचंय."

मृदुलाची मान खाली गेली. "मोठ्यांचं नाही सुटत, बाई. आपल्या कुणाचंच. तिकडे गेलात तर मीठ इथून मागवावं लागेल, आणि ते वेशीतून आत सोडायचं की नाही, हे मंडळ ठरवणार."

तेवढ्यात बाईंच्या हातातला पडदा वाजला. रेवूच्या गालांवर मांस चढलं होतं.

"आजी, मी दोन वाट्या बिनमिठाचं दही खाल्लं! तू कधी येणार?"

बाईंनी पदराने डोळे कोरडे केले आणि ताठ बसल्या.

"तुमचं मंडळ तिथे आहे तोवर मी पाऊल ठेवायची नाही. सांग जा त्यांना."

"मग ते गेलं की येशील?"

"आधी घालव तर खरं," द्वारकाबाई म्हणाल्या.