यशोधनच्या गाडीचं कोष्टक

एकाच कंपनीच्या, एकाच साली बनलेल्या, मेथीच्या जुडीसारख्या हिरव्यागार दोन गाड्या. मग शेजारच्या यशोधन निकमची गाडी यवतेश्वरचा घाट नऊ मिनिटांत चढते आणि आपली गाडी दामलेला ढकलावी लागते, हे कसं?

२०६१ सालच्या साताऱ्यात हे कोडं एकट्या चारुता जगदाळेला पडलं होतं. दामले हा तिच्या घरचा यंत्रमानव. त्याचं आडनाव दामले का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्यातून तो तसाच आला होता.

पेट्रोल आता वर्षातून एकदाच मिळे, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, गाडीमागे दोन लिटर. लागोपाठ तीन वर्षं ढकलावी लागलेली गाडी संग्रहालयात जमा व्हायची. चारुताच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, गाडीची दोन वर्षं भरली होती. मेळावा आज चार वाजता, त्याच घाटात होता.

"आमच्या गाडीत ट्यूनिंग बोर्ड आहे," असं यशोधनने वर्षभरात बेचाळीस वेळा सांगितलं होतं. चारुताने मोजलं होतं. त्याच्या नावाने तिच्या पोटात इतकं दुखे, की आईने तिला दोनदा ओवा खायला दिला होता.

आज सकाळी आबांनीही बोर्ड आणला. आबा इंजिनांचे जुने संशोधक. त्यांनी गाडीच्या सीटखालून एक चपटा डबा काढला.

"हा ईसीयू (इंजिनाचा संगणक). फार हुशार असेल असं वाटतं ना?"

"नाही का?"

"अजिबात नाही. पाढे पाठ केलेलं पोर आहे हे. याच्या चिपमध्ये एक कोष्टक (आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता) असतं. इंजिन किती वेगाने फिरतंय आणि किती हवा आत घेतंय, एवढं बघायचं, तो रकाना शोधायचा आणि त्यातल्या आकड्याइतका वेळ इंजेक्टर (पेट्रोलची बारीक पिचकारी) उघडा ठेवायचा."

"मग बिघडलं कुठे?"

"कोष्टक सत्तावन्न वर्षांपूर्वीचं. आताच्या पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल भरपूर. ते जास्त प्रमाणात लागतं, पण हे बापडं जुन्याच मापाने वाढतंय. गाडी उपाशी राहते."

आबांनी तापलेल्या कावियाने (डाख वितळवणाऱ्या सळईने) जुनी चिप अलगद सोडवली, तिथे खाचा असलेली बैठक डाख देऊन बसवली आणि नवा बोर्ड त्यात दाबला. आता कोष्टकातला प्रत्येक आकडा टॅबवरून बदलता येणार होता, गाडी चालू असतानाही.

"मी अंघोळ करून येतो. कशाला हात लावू नका."

यशोधनने आपल्या गाडीचं कोष्टक शाळेच्या विज्ञान फलकावर लावलं होतं. चारुताकडे त्याचा फोटो होता.

"दामले, हे सगळं भर."

"दोनशे छप्पन्न आकडे भरले, चारुताताई. खाली त्याची सही आहे. ती कोणत्या रकान्यात भरू?"

आबा टॉवेलने डोकं पुसत आले, तेव्हा गाडी धडधडत होती आणि मागून शाईसारखा काळा धूर येत होता. तारेवरचे त्यांचे पांढरे सदरे आता पांढरे नव्हते. दोन आचके देऊन गाडी बंद पडली.

"काय केलंस गं?"

चारुताने सांगितलं. सगळं. बेचाळीस वेळांसकट.

आबा ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "यशोधन किती भाकऱ्या खातो?"

"चार."

"आणि तू?"

"दीड." तिला आता त्याच्या भाकऱ्यांचाही हेवा वाटला.

"त्याचं ताट तुला वाढलं तर? त्यांचं इंजिन आपल्या दीडपट आहे. बाहेरून गाड्या सारख्या. तू कधी बॉनेट उघडून पाहिलंस?"

चारुताने फक्त रंग पाहिला होता. आणि हॉर्न ऐकला होता.

"आता किती पेट्रोल उरलंय?" आबांनी विचारलं.

"एक लिटर तीनशे मिली," दामले म्हणाला. "शिवाय माझी ढकलण्याची तयारी आहे."

"नको!" दोघंही ओरडले.

आबांनी आधी जुनं कोष्टक भरलं आणि पेट्रोलने ओले झालेले स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) पुसून घेतले. चार वाजता गाडी घाटाला लागली. आबा चाकावर, चारुता टॅबवर. मागे बसलेला दामले ऑक्सिजन सेन्सरचे (धुरात उरलेला प्राणवायू मोजणाऱ्या कांडीचे) आकडे वाचत होता.

"प्राणवायू जास्त उरतोय."

"म्हणजे तो जाळायला पेट्रोल कमी पडतंय," चारुता म्हणाली आणि त्या रकान्यातला आकडा वाढवला. गाडीने दम धरला.

"आता फारच कमी उरतोय."

"म्हणजे जास्त वाढलं." थोडा कमी.

एकेक वळण, एकेक रकाना. तिसऱ्या वळणावर यशोधनची गाडी भुर्रकन पुढे गेली. चारुताने मान वर केली, एक आकडा चुकला आणि गाडी खोकली.

"आपल्या ताटाकडे बघ!" आबा म्हणाले.

ती पुन्हा टॅबकडे वळली.

माथ्यावर पोचायला एकोणीस मिनिटं लागली. त्यांच्यामागे फक्त एक बैलगाडी होती, आणि ती मेळाव्यात नव्हतीच. पण गाडीला कुणीही हात लावला नव्हता. संग्रहालयाच्या बाईंनी पावतीवर 'स्वबळावर' असा शिक्का मारला.

"कोष्टक कुणी बनवलं?" बाईंनी विचारलं.

"हिने. चालत्या गाडीत."

"आमच्याकडे एकतीस गाड्या मुक्या उभ्या आहेत. जुन्या कोष्टकांमुळेच असेल का?"

"प्रत्येकीचं वेगळं करावं लागेल," चारुता म्हणाली. "आधी बॉनेट उघडून बघायला हवं."

यशोधन बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याचं कोष्टक गेल्या वर्षी काकांनी भरून दिलं होतं; त्याने फक्त सही केली होती.

"मी पण येऊ?" त्याने हळूच विचारलं.

चारुताने उत्तर द्यायला बराच वेळ लावला. तेवढा वेळ तिला फार छान वाटलं.

"ये," ती म्हणाली. "सेन्सरचे आकडे तू वाच. दामलेला सुट्टी हवीय."

"मी तसं म्हणालो नव्हतो," दामले म्हणाला.