टोपीचा दंड

बसा रे. शेवटी आलेल्याने दार लोटून घ्या, गारवा आत येतोय. उद्या मनोरा उघडायचा म्हणून सगळ्यांनी पाद्र्यासारखी तोंडं केलीत, त्या तोंडांना आधी जरा बिअर दाखवा. मला पण एक. प्यायल्यावर मी खरं बोलतो. प्यायच्या आधी काय बोलतो ते माझ्या बायकोला विचारा.

नॉर्मन टॅपस्कॉट तुम्हाला ठाऊक आहे. डावा हात कोपरात वाकत नाही, तोच. लोकांना सांगतो, शिडीवरून पडलो. अख्ख्या नेदरकोम्ब गावात तेवढी उंच शिडी नाही. टॅम्सिन, दात काढू नकोस. गोष्ट दातांचीच आहे, पुढे कळेल.

दर सप्टेंबरात जुन्या जागा फुकट दाखवायचा दिवस येतो. हॅल्सबरी गावात बाजारघर उघडतात, जुनी कोठडी उघडतात. आपल्याकडे चर्च, त्याचा घंटांचा मनोरा आणि हिरवळीवरचा, चोरांचे पाय अडकवायचा खोडा. शहरातली माणसं येतात, खोड्यात पाय अडकवून फोटो काढतात, पाव-चीज खातात आणि 'किती शांत गाव' म्हणत जातात. ज्या खोड्यात बसून हसतात, त्यात लोकांनी दगड खाऊन डोळे गमावलेत. पण ते पाटीवर लिहीत नाहीत.

हात मोडला त्या साली नॉर्मनला एक काम होतं. हॅल्सबरीच्या संग्रहालयातून मडकं आणायचं. आपल्या घंटावाल्यांचं, म्हणजे मनोऱ्यात दोर ओढून घंटा वाजवणाऱ्यांचं मडकं. तपकिरी, दोन कानांचं, दोन गॅलन बिअर मावेल एवढं. पिढ्यानपिढ्या ते आपल्याच मनोऱ्यात फळीवर होतं. मग कुणा शहाण्याने नेऊन काचेत ठेवलं. एका दिवसापुरतं उसनं मिळालं म्हणून नॉर्मन मोटारीतून, मांडीवर उशी, उशीवर मडकं, असं घेऊन आला. गाडी बेरिल चालवत होती, त्याची बायको. वाटभर तिचं चालू होतं, की आपल्या लग्नात मला तू एवढं जपून धरलं नव्हतंस. नॉर्मन म्हणे, तू फुटणारी नव्हतीस.

आता मडकं कशाला? मनोऱ्यातली काळी पाटी वाचलीत ना? की वर जाऊन नुसते फोनवर बोटं फिरवता? पाटीवर नियम आहे. टोपी डोक्यावर ठेवून जो दोर धरेल, त्याने सोबत्यांना मडकं भरून द्यावं. हसण्यावारी न्यायचा दंड. पण एबेल स्टकी हसणारा नव्हता.

हा एबेल आपल्या खापरपणज्यांच्या काळचा. गावचा खाटीक आणि घंटावाल्यांचा म्होरक्या. पंजे डुकराच्या मांड्यांएवढे. एका रात्री जोब फार्दिंग नावाचा नवा गडी टोपी घालून आला, दोर धरला आणि म्हणाला, दंड देत नाही जा. एबेलने ठोसा दिला. जोबचे दात उडाले. तो मागे कोसळला तो दोरावर, आणि वर घंटा तोंड वर करून ठेवलेली.

त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, पण ही नवी पोरगी बसलीय म्हणून सांगतो. आपल्या घंटा चाकावर पूर्ण गोल फिरतात. वाजवून झालं की त्यांना तोंड वर करून लाकडी पट्टीवर टेकवता येतं. पुढच्या वेळचे कष्ट वाचतात. पण तशी ठेवलेली घंटा म्हणजे घोडा चढवून ठेवलेली बंदूक. वेडावाकडा दोर ओढला की टनभर धातू उलटतो, दोर वर पळतो आणि धरणाऱ्यालाही नेतो. जोबच्या तर गळ्यातच फास पडला होता. डोकं तुळईवर फुटलं. खाली आला तेव्हा ओळखू येण्याजोगी टोपी तेवढी उरली होती, डोक्यावर गच्च. बाकीच्यांनी मडकं संपवलं आणि चौकशीत सांगितलं, पाय घसरला. एबेल पुढे म्हातारा होऊन बिछान्यात मेला. एबेल मेला म्हणतोय मी. त्याचा ठोसा मेला असं कुणी पाहिलेलं नाही.

तर ती रात्र. सप्टेंबरातला दुसरा शुक्रवार, पावणेनऊ. मी इथेच, या लॅम्ब पबमध्ये, याच बाकावर होतो. पुढचं मला बेरिलने सांगितलं, आणि बेरिलला थापा मारता येत नाहीत. म्हणून तर तिच्याशी पत्ते खेळायला मला आवडतं.

दोघं मनोऱ्यात चढली. बेरिलने मडकं जुन्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी लोकांची पोरं वर येणार, दोर दिसला की ओढणार. आणि आपली आळशी मंडळी बुधवारच्या सरावानंतर सगळ्या घंटा तोंड वर करून निघून गेलेली. त्या उतरवल्याशिवाय नॉर्मनला झोप येणार नव्हती. एकेक घंटा हळूहळू झुलवत त्याने तोंड खाली केली. राहिली मोठी.

नॉर्मनच्या डोक्यावर टोपी होती. चपटी, चौकड्यांची. गेली कैक वर्षं तो मनोऱ्यात टोपी घालूनच वाजवायचा. टकलाला थंडी सोसवत नाही म्हणे. कुणी कधी हटकलं नाही. सगळेच तसे झालो होतो. मडकं काचेत, नियम पाटीवर, आणि पाटीवर धूळ.

पण त्या रात्री मडकं परत आलं होतं.

नॉर्मनने मोठीचा दोर धरला, जोबला नेलं तोच. लहान घंटा उतरवताना काही झालं नव्हतं. बेरिल म्हणते, आताही आधी काही झालं नाही. फक्त मटणाच्या दुकानात येतो तसा वास आला. मग तिला पाटी दिसली, मडकं दिसलं, आणि नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी दिसली.

"नॉर्मन," ती म्हणाली, "टोपी..."

तेवढ्यात तो मागे फेकला गेला. ठोसा दिसला नाही. आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. नॉर्मनचं तोंड एका बाजूला फिरलं. कवळी उडून भिंतीवर आपटली.

दोर मात्र हातात राहिला.

पहिलाच धडा काय शिकवतो आपण? बिघडलं की दोर सोड. नॉर्मनला सोडता येईना. त्याच्या मुठींवर आणखी दोन मुठी होत्या. दिसत नव्हत्या. बोटं पांढरी पडलेली दिसत होती.

वर पट्टी मोडली. कडकन.

दोर वर गेला. नॉर्मन वर गेला. छताला आपटला. खाली आला. पुन्हा वर. डावा हात दोरात पिळला आणि कोपर उलटं झालं. तो आवाज बेरिलने सांगितला नाही. तिने नुसती पेन्सिल उचलून मोडली.

रक्त पाटीवर उडालं. मडक्यावर उडालं.

बेरिलने त्याचे पाय धरले. ती अंगाने भक्कम, तरी तीही उचलली गेली. तिने टोपी ओढली. टोपी निघेना. खिळा मारावा तशी. तिने दोन्ही हातांनी ओढली, खालची कातडी सुटायला लागली... टोपी नाही.

मग तिच्या लक्षात आलं. दोर धरून झाला होता. आता टोपी काढून भागणार नव्हतं.

तिने मडकं उचललं. त्याला वर सोडून ती जिना उतरली. अंधारात, गोल जिना, पायऱ्या झिजलेल्या. मागून घंटा वाजत होती. एकच. मध्ये थांबून. प्रत्येक ठोक्याआधी काहीतरी आपटत होतं.

इथे दार उघडलं तेव्हा ती अशी उभी. हात कोपरापर्यंत लाल.

"दोन गॅलन," ती म्हणाली. "आत्ता."

मी म्हणालो, "नॉर्मनला एवढी तहान लागलीय का गं?"

तिने मडकं माझ्या छातीवर टेकवलं. बस. मी उठून स्वतःच्या हाताने बिअरचा नळ सोडला.

मडक्याचा एक कान तिने धरला, एक मी. थडग्यांमधून धावलो. मी जिन्यापाशीच थांबलो, हो, थांबलो. गुडघे दुखत होते. तू गेली असतीस, टॅम्सिन, ठाऊक आहे मला. ती एकटी वर गेली. काय म्हणाली ते खालून ऐकू आलं. ओरडली नाही. शेजारणीला सांगावं तसं बोलली.

"एबेल, मडकं भरलंय. माझा माणूस दे."

घंटा थांबली.

मग... काही नाही. बराच वेळ काही नाही.

मग काहीतरी जड जमिनीवर पडलं.

नॉर्मन जगला. हात, जबडा, बरगड्या, सगळं मोडून जगला. टोपी आपोआप सुटून बाजूला पडली होती. अँब्युलन्सवाल्यांनी नेलं, बेरिल सोबत गेली. मडकं वरच राहिलं, काठोकाठ भरलेलं. मनोऱ्याला कुलूप मी लावलं, आणि किल्ली रात्रभर माझ्या उशीखाली होती. बायकोच्या घोरण्याची शपथ, मी झोपलोच नाही.

सकाळी हॅल्सबरीचा पोलीस शिपाई आणि मी कुलूप काढून वर गेलो. छतावर रक्त वाळलेलं. मडकं फळीवर, जिथे बेरिलने ठेवलं होतं तिथेच. रिकामं. कोरडं. शिपायाने ते हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पाहताय तसंच. गावात काही झालं की सगळे माझ्याकडेच बघतात. मी तोंड उघडून म्हटलं, दात असला तर माझा नाही, मोजून घे बाबा. नॉर्मनचे तर सगळे नकली, पेल्यात झोपतात.

त्याने मडकं तळहातावर पालथं केलं.

एक दात पडला. पिवळा, किडका, जोबच्या काळचा. मुळाशी रक्त अजून ओलं होतं.