मागच्या वर्षीचं पोट

लग्न जुळवताना हल्ली पत्रिकेच्या आधी किरणांक विचारतात. तपासण्यांपायी आजवर अंगात किती क्ष-किरण गेले, त्याचा हा आकडा. जितका लहान, तितकं स्थळ चांगलं! चंद्रपूरच्या कुसुमताई झाडेंच्या रेवतीचा किरणांक अख्ख्या मोहल्ल्यात सगळ्यात कमी होता आणि कुसुमताई ते किराणा घेतानासुद्धा कोणाला ना कोणाला ऐकवायच्या.

तपासणी केंद्रातल्या डॉ. हेमलता चांदेकरांना मात्र हा शब्द ऐकला की संताप यायचा.

सीटी स्कॅनचं दुखणं जुनंच. किरण कमी सोडले की चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके येतात. जास्त सोडले की चित्र स्वच्छ, पण शरीराला धोका. या ओढाताणीवर तोडगा निघाला आठवचित्राचा. दरवर्षीची तपासणी सक्तीची, त्यामुळे प्रत्येकाची जुनी चित्रं यंत्रापाशी असतातच. यंत्र नावापुरते किरण सोडतं आणि न दिसलेला भाग त्या माणसाच्याच जुन्या चित्रांवरून भरून काढतं. चित्र कसं, आरशासारखं लख्ख!

"पोट दुखतंय कधीपासून?" आईबरोबर तपासणीला आलेल्या रेवतीला हेमलताबाईंनी विचारलं.

"दिवाळीपासून," रेवती म्हणाली. "पण मॅडम, आजचं चित्र तर साफ आलं नं?"

"अगं, त्यातलं बरंचसं पोट मागच्या वर्षीचं आहे. आणि मागच्या वर्षीच्या चित्रातलं त्याच्याही मागच्या वर्षीचं. हळूहळू वाढणारी गोष्ट यंत्राला ठिपक्यांची घाण वाटते, ते पुसून टाकतं. मला पूर्ण किरणांचं चित्र हवंय. आत्ताच."

"बाप्पा!" कुसुमताई उठल्याच. "अन् किरणांक? पुढच्या महिन्यात लग्न आहे जी तिचं! आकडा पाहूनच हो म्हटलं त्या लोकांनी."

"एका चित्राने फार थोडा धोका वाढतो, कुसुमताई. पोटात काय आहे ते न कळणं जास्त वाईट."

"तुम्हाले सांगाले काय जाते! सोयरीक मोडली तर तुम्ही येता का जुळवाले?"

रेवती पोट धरून वाकली होती. "आई, पुरे कर वो. मोडू दे. मले बसवत नाही आता."

पूर्ण चित्र आलं. स्वादुपिंडावर गाठ होती आणि यकृतापर्यंत पसरली होती. शेजारच्याच पडद्यावर सकाळचं आठवचित्र होतं. त्यात काहीच नव्हतं.

"उशीर झाला का?" रेवतीने विचारलं.

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. "उपचार करू आपण. पण बरी होशील असं खोटं सांगणार नाही."

रेवती रडली. कुसुमताई रडल्या नाहीत. पडद्यावर यंत्राचा प्रश्न आला होता, 'हे चित्र आठवणीत घ्यायचं?' हेमलताबाईंनी बोट पुढे केलं, तर कुसुमताईंनी त्यांचा हातच धरला.

"नका घेऊ जी."

"अहो, नाही घेतलं तर ते पुन्हा खोटंच चित्र काढेल."

"काढू द्या. त्याले माही पोरगी चांगलीच आठवते नं? कोणाच्या तरी ध्यानात तशी राहू द्या तिले. मी पाया पडतो तुमच्या."

हेमलताबाईंनी रेवतीकडे पाहिलं. तिने डोळे पुसत होकारार्थी मान हलवली, आईसाठी. हेमलताबाईंनी खरं चित्र उपचारांपुरतं वेगळं ठेवलं आणि यंत्राला 'नाही' सांगितलं.

सोयरीक मोडली. औषधं झाली, केस गेले, गाठ हटली नाही. वार्षिक तपासणीची तारीख आली, तेव्हा रेवतीला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. हाडांवर नुसतं कातडं उरलं होतं. यंत्राने चिमूटभर किरण सोडले आणि पडद्यावर एका धडधाकट मुलीचं पोट उमटलं.

कुसुमताईंनी येताना पेढे आणले होते. बाहेर बसलेल्या सगळ्यांना त्यांनी ते चित्र दाखवत वाटले. "नशीबवान आहात बाई," कोणीतरी म्हणालं. शेवटचा पेढा त्यांनी रेवतीला भरवला. तिला तो गिळता आला नाही.