चौथ्या बोटीची पाळी

ही घडलेली गोष्ट आहे. मी स्वतः तिथं बसले होते.

अशा गोष्टीत रात्र असते. ही मात्र भर दुपारची आहे. गेल्या वर्षीचा जुलै, दिघीच्या अलीकडचा आमचा कोळीवाडा, माझ्या घराची पत्र्याची पडवी.

मी बत्तीस वर्षं इथल्याच शाळेत शिकवलं. समुद्रावरून वेळेत परत फिरावं, हे पोरांना सांगून पटत नाही. म्हणून आम्ही तिघांनी एक खेळ बनवायला घेतला. मी, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा विनेश आणि अंगणवाडीत काम करणारी किशोरी. दोघंही माझे जुने विद्यार्थी. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे विनेश मोकळा होता.

किशोरीला दुपार ढकलायची असे. तिचा नवरा परेश आदल्या नोव्हेंबरात एकटाच छोटी होडी घेऊन गेला होता. तो आला नाही. होडीही सापडली नाही.

सासरे, धर्माजी, तिला रोज सांगत. "अमावस्येला कार्य करू. दर्भाची प्रतिमा करून अग्नी देऊ. पोराला असं लटकत ठेवू नको."

ती हो म्हणत नव्हती. नाहीही म्हणत नव्हती.

खेळ साधा होता. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चाळीस घरांचा समुद्र, कोपऱ्यात बंदर. रंगवलेली बुचं म्हणजे बोटी. स्टीलच्या वाटीत फासा टाकायचा, मासळी गोळा करत पुढं जायचं आणि बारा फेऱ्यांच्या आत बंदरात यायचं.

खेळ चौघांचा. आम्ही तिघं. मग चौथी पिवळी बोट आम्ही कोणाचीच नाही अशी धरली. तिचा फासा विनेश टाकायचा. दहाव्या घराशी आली की तिनं माघारी फिरायचं, असा नियम. प्रत्येक चाल मी वहीत लिहून ठेवत होते. कुठं खेळ अडतो ते त्यावरून कळतं.

"बाई, निबंध तपासल्यासारखा खेळ तपासताय," विनेश म्हणाला. "लाल शाई तेवढी बाकी हाय."

"तू गप रे," किशोरी म्हणाली. "तुझी बोट तिसऱ्यांदा बुडली."

कित्येक महिन्यांनी ती कोणाची तरी थट्टा करत होती.

पिवळी बोट दहाव्या घराशी आली. मी माझ्या हातानं तिचं तोंड बंदराकडे केलं.

पुढची पाळी आली तेव्हा ती...

चौदाव्या घरात होती.

"कोणी हलवली?"

कोणीच नाही. मी वही पाहिली. त्यात लिहिलं होतं, 'पिवळी, पुढे.' अक्षर माझंच. लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

वय झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस जोरात होता. पत्र्यावर इतका आवाज की आम्ही ओरडून बोलत होतो. पिवळ्या बोटीची पाळी आली आणि...

आवाज थांबला.

पाऊस नाही थांबला. फक्त त्याचा आवाज. अंगणात धारा पडताना मला दिसत होत्या.

त्या शांततेत स्टीलच्या वाटीत फासा खळखळला.

विनेशनं हळूच मूठ उघडली.

फासा त्याच्या मुठीत होता.

त्यानं तो वाटीत टाकला. सहा पडले. पिवळी बोट बाहेरच्या समुद्राकडे सहा घरं गेली. ती कोणी सरकवली, ते आम्ही तिघांनीही पाहिलं नाही. मग पत्र्यावर पुन्हा पाऊस वाजू लागला.

मी घाबरायला हवं होतं. पण मी चाल लिहिली.

"बाई, खेळ बंद करू," विनेश म्हणाला.

किशोरी पिवळ्या बुचाकडे बघत होती.

"बंद न्हाय करायचा," ती म्हणाली. "अमावस्येपर्यंत खेळू. हे एकदा तरी बंदरात आले, तर मी सासऱ्यांना 'न्हाय' म्हणून सांगेन. जन्मभर थांबेन. न्हाय आले, तर कार्य करू."

मला तिला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही. उलट नियम सोपे केले. कच्च्या मुलासाठी गणित सोपं करावं, तसे. दहाव्याऐवजी पाचव्या घरावरून परतायचं. बाराऐवजी वीस फेऱ्या. विनेशनं फासाही नवा आणला.

आम्ही अकरा डाव खेळलो.

पिवळी बोट दर डावात पुठ्ठ्याच्या काठापर्यंत गेली. तिथंच थांबली.

अकराव्या डावानंतर किशोरीनं ते बूच उचललं, तळहातावर ठेवलं. "परता ना वो," असं अगदी हळू म्हणाली. मग बूच ठेवून उठली आणि धर्माजींना हो सांगून आली.

अमावस्येला कार्य झालं. दर्भ पटकन जळला. किशोरी रडली नाही. तिच्या गळ्यातलं सासूनं काढलं, तेव्हा तिनं मान पुढं केली, एवढंच.

तेराव्यानंतर तीच पुठ्ठा काखेत घेऊन आली.

"शाळेत द्यायचाय ना? एकदा तपासून घेऊ."

विनेशही आला. पाऊस वाजत होता. त्याचा आवाज एकदाही थांबला नाही. विनेशनं जेवढ्या वेळा फासा टाकला, तेवढ्याच वेळा वाटी वाजली.

पिवळी बोट पाचव्या घराशी आली. फिरली.

आणि सरळ...

बंदरात आली. आमच्या तिघांच्याही आधी.

विनेश उठून अंगणात गेला.

किशोरीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की बघायची, तशीच.

"बाई, कार्य केलं म्हणून आले? का येतच होते, आणि आपण..."

मी वही मिटली.

एक ऑगस्टला मासेमारी सुरू झाली. किशोरी पहाटेच धक्क्यावर जाऊन उभी राहिली, इतर बायकांसारखी. मंगळसूत्र नसलेल्या मोकळ्या गळ्यानं. बायका कुजबुजल्या, पण तिला घरी जा म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जाणारी प्रत्येक बोट ती बोटांवर मोजत होती.

पहिल्या दिवशी सगळ्याच बोटी जवळच्या पाण्यात गेल्या होत्या; त्या संध्याकाळी परत येऊ लागल्या.

मी मोजल्या नाहीत. किशोरीनं मोजल्या.

शेवटची बोट धक्क्याला लागली, तेव्हा तिची बोटं मध्येच थांबली. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग पदर डोक्यावरून घेतला आणि घराकडे निघाली.

आकडा सकाळइतकाच आला की एक जास्त, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.